पिशवीतली सीतेची वेणी
पुण्याजवळ मोशीत दहाव्या मजल्यावर खिडकी उघडली की समोरच्या बांधकामाची धूळ घरात येते, म्हणून आमच्या खिडक्या बंदच असतात. माझ्यासारख्या आंबोलीच्या पावसाळी हवेतल्या माणसाचा इथे जीव गुदमरतो. झाडाचाही गुदमरला. वादळात पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी माझ्या भावाने आणून दिली होती. गुलाबी फुलांच्या लांब घोसाचं हे ऑर्किड आमच्याकडे आंब्या-फणसांवर आपसूक वाढतं. इथे आठवडाभरात त्याची पानं सुरकुतली.

माझा नवरा निरंजन चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात आहे. हवेतली ओल सांभाळणं हे त्याचं रोजचं काम, मग घरी तो काय गप्प बसतोय! त्याने झाडावर पारदर्शक पिशवी चढवली, आत पाणी फवारलं, भिंतीवर ओल मोजायचं यंत्र टांगलं. झाड तरारलं. मग दर रविवारी तो पेटत्या अगरबत्तीने पिशवीला एक-एक भोक पाडू लागला.

"काढून टाक की सरळ पिशवी," मी म्हणाले.

"एकदम नको. झटका बसेल. ओल थोडी थोडी कमी करायची, म्हणजे त्याला कळतही नाही."

मला आधी हसू आलं, कारण 'एकदम नको' हे त्याचं पेटंट वाक्य. मग ते वाक्य मी पहिल्यांदा कधी ऐकलं ते आठवलं आणि हसू जिरलं.

लग्न झालं तेव्हा मी सांगवीला योगिनीताईंच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. "नोकरी एकदम सोडू नकोस, आधी अर्धा दिवस कर," तो म्हणाला होता. किती समजूतदार वाटला होता मेला! मग आठवड्यातून तीनच दिवस. मग 'ट्रॅफिक बघतेस ना', आणि नोकरी सुटलीच. माझी स्कूटी त्याने विकली नाही, फक्त तिचा इन्शुरन्स भरायचा राहून गेला. बहिणीकडे दर रविवारी जायचे, ते आता सणावारी. एकदाही भांडण झालं नाही. झालं असतं तर निदान मी तोंड तरी उघडलं असतं. वर शेजारणी म्हणतात, वर्षाली, नशीब काढलंस!

गेल्या आठवड्यात योगिनीताईंचा मेसेज आला. लॅबमध्ये जागा रिकामी झाली होती. रविवारी फोन करते, सोमवारपासून येणार असशील तर सांग, नाहीतर दुसरी मुलगी घेते. मला ती नोकरी हवी होती, अगदी भुकेसारखी हवी होती. निरंजनला काही न सांगता मी आरशासमोर उभी राहून रोज म्हणत होते, "हो ताई, येते."

आज निरंजनने उरलीसुरली पिशवी कात्रीने कापली. पानं हिरवीगार होती.

"बघ! कोकणातलं झाड मोशीच्या हवेत! कळलंसुद्धा नाही त्याला."

"फुलं कधी येतील?"

"जगलंय ना? मग झालं की."

तेवढ्यात फोन वाजला. निरंजन ओल्या फडक्याने पानं पुसत होता. त्याने मला अडवलं नाही, वर पाहिलंसुद्धा नाही.

"काय गं वर्षाली, येतेस ना उद्यापासून?" योगिनीताईंनी विचारलं.

"ताई," मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात पुढचे शब्द आले, "उद्यापासून... एकदम नको."