शाळेपाशी

१९८३च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास, करंजओहळ धरणाच्या पाण्यात मासेमारीची होडी उलटली. होडीत दोघे होते. झिपरू पोहत काठाला लागला. त्याचा चुलतभाऊ बुधा भोये वर आला नाही.

झिपरूला पोलीस पाटलाच्या ओट्यावर आणलं तेव्हा थंडीने त्याचे दात वाजत होते. हवालदार झुंबर आहेर यांनी विचारलं, कुठे बुडाला? तो म्हणाला, "शाळेपाशी." दुपारी त्याला ताप चढला, शुद्ध जायला लागली, आणि त्याला जीपमध्ये घालून नाशिकला दवाखान्यात नेलं.

सादडपाड्याची शाळा काठापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिच्यासमोरच्या पाण्यात गावातल्या माणसांनी दोरांना लोखंडी आकडे बांधून ओढले. झुडपं निघाली, जाळ्यांचे तुकडे निघाले. बुधा निघाला नाही.

घाई दोन कारणांची होती. शनिवारी कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटणार होतं. एकदा दरवाजे उघडले की पाणी ओढ घेणार आणि पाण्यातलं जे काही सैल असेल ते जागेवर राहणार नव्हतं. दुसरं कारण बुधाच्या घरात होतं. बुधाची आई सुलाबाई म्हणत होती की पाण्यानं नेलेला माणूस पाणी परत देत नाही. नागलीच्या पिठाचा पुतळा करावा, त्याला अग्नी द्यावा, सुनेनं कुंकू पुसावं. नाही तर पोराचा जीव पाण्यावरच हिंडत राहील.

बुधाची बायको भागीबाई ऐकायला तयार नव्हती. "पिठाला मी नवरा म्हनायची नाय," ती म्हणाली. "त्याला आना. मंग काय पुसायचं ते पुसते." एवढं बोलून ती घरातून निघून गेली आणि दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसून राहू लागली.

गुरुवारी यंत्र आलं. मच्छीमार सोसायटीला प्रयोगासाठी मिळालेलं मासे शोधायचं यंत्र दोन वर्षं नाशिकच्या एका गोदामात पडून होतं. यादव पगारे हे ते चालवणारे तंत्रज्ञ, नाशिक रोडला राहणारे. यंत्राची एक डबी बांबूला बांधून पाण्यात सोडायची. ती तळाकडे आवाज सोडते, परत आलेला आवाज टिपते, आणि वरच्या पेटीतली फिरती सुई कागदाच्या गुंडाळीवर त्याची खूण जाळत जाते. खाली तळाची जाड काळी रेघ, मध्ये मासे असले तर डाग. कागद जळाल्याचा वास होडीभर पसरतो.

पगारे आणि आहेर इंजिनाच्या होडीतून शाळेसमोरच्या पाण्यात गेले. सुरुवातीलाच कागद ठिपक्यांनी भरून गेला. तळाची रेघसुद्धा दिसेना.

"पगारे, तुमच्या यंत्राला मोतीबिंदू झालाय का काय?" आहेर म्हणाले.

"इंजिनाची ठिणगी पकडतंय," पगारे म्हणाले. "उथळ पाण्यात कळायचं नाही. खोल पाण्यात नेऊन बघू."

इंजिनावर गावातला बहिरू होता. त्याने होडी धरणाच्या मध्यावर नेली. तिथे रेघ नीट उमटली, पण ठिपके होतेच. त्यांच्यामध्ये तळापासून वर उठलेले दोन उभे काळे पट्टे दिसले, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, जरा तिरका, बोटाच्या पेराएवढा एक डाग. पगाऱ्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं. होडी वाऱ्याबरोबर सरकली. ठिपके गेले, पट्टे गेले, डागही गेला. म्हणजे सगळा दोष इंजिनाचाच, असं पगाऱ्यांनी ठरवलं.

ते कामाला लागले. यंत्राला वेगळी बॅटरी दिली. डबीची वायर इंजिनापासून दूर, होडीच्या दुसऱ्या कडेने नेली. प्लगची सैल टोपी बदलली. तरी थोडे ठिपके राहिले, तेव्हा यंत्राची संवेदनक्षमता कमी केली. मग कागद धुतल्यासारखा स्वच्छ झाला.

"आता बोला," पगारे म्हणाले.

"मी काय बोलू? मोतीबिंदू काढला तुम्ही," आहेर म्हणाले.

स्वच्छ कागद घेऊन ते शाळेसमोर परतले. अंधार पडेपर्यंत त्यांनी ते पाणी पट्ट्यापट्ट्याने तपासलं. तळाची रेघ सरळ होती. तिच्यावर काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पगारे होडीत बॅटरी चढवत होते. पलीकडच्या टेकडीच्या उतारावर, पाण्यालगत, एक बाई बसलेली त्यांना दिसली. आदल्या दिवशीही ती तिथेच होती. त्यांनी बहिरूला विचारलं. तो म्हणाला, बुधाची बाईल. आहेरही होडीत चढले आणि पगाऱ्यांनी होडी तिच्याकडे घ्यायला लावली.

"ताई, इतक्या लांब कशाला बसलात? शोध तर तिकडं चाललाय, शाळेपाशी."

भागीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "मीच शाळेपाशी बसलेय, दादा."

"शाळा तिकडं आहे."

"ती नवी. आपली शाळा ही." तिने समोर, धरणाच्या मध्यावरच्या पाण्याकडे हात केला.

धरण झालं तेव्हा जुना सादडपाडा पाण्याखाली गेला. छपरांचे पत्रे, दारं, खिडक्या लोकांनी काढून नेल्या, भिंती राहिल्या. गाव वर सरकलं, तरी होडीतली माणसं पाण्याला जुन्याच नावांनी ओळखत राहिली. खळ्यावर जाळं टाकलं, विहिरीवर मासा लागला, शाळेपाशी वारा फिरला. झिपरूने त्याच भाषेत सांगितलं होतं. चांदवडहून सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या हवालदाराने ते आपल्या भाषेत ऐकलं.

आहेर तिथूनच ओरडले. भागीबाईच्या मागे काठावर गावातले म्हातारे कोंडाजी उभे होते. "अहो कोंडाजी! गावातल्या एकाला तोंड उघडता आलं नाही?"

"आमाला वाटलं, वाऱ्यानं तो तिकडं लागंल म्हनून तुमी तिकडं बघताय," कोंडाजी म्हणाले. "वारा तर तिकडचाच होता. तुमी तरी इचारलंत का?"

पगाऱ्यांनी आदल्या दिवसाचा कागद उलगडला आणि सुरुवातीचा तुकडा गुडघ्यावर पसरला. दोन उभे काळे पट्टे. त्यांनी बहिरूला विचारलं, शाळेला खोल्या किती होत्या?

"दोन. मधी भिंत."

"भिंती केवढ्या?"

"दगडी. लय जाड."

भागीबाई होडीत आली. कुणी तिला अडवलं नाही. बहिरूने इंजिन बंदच ठेवलं आणि वल्ही मारत होडी त्या पाण्यावर नेली. पगाऱ्यांनी संवेदनक्षमता पूर्ण वाढवली. सुई फिरली आणि तळावरून दोन पट्टे वर उठले, कालच्यासारखेच, पण ठिपक्यांविना. भिंती होत्या त्या. मध्ये काही नव्हतं. ते उलटे आले, आडवे गेले, पुन्हा आले. भिंती दिसत राहिल्या.

"काल इथं काही होतं का?" भागीबाईने विचारलं. तिला कागद कळत नव्हता, पण पगारे पुन्हा पुन्हा जुन्या तुकड्याकडे बघत होते ते तिला कळत होतं.

पगाऱ्यांनी तिला डाग दाखवला. "हे काय आहे ते मला सांगता येत नाही, ताई. ठिणगी असेल. माशांचा थवा असेल."

"आन् तोही असंल."

"असेल."

"मंग आज का नाय?"

थंड पाण्यात माणूस फुगायला वेळ लागतो, मग हलतो, कधी गाळात रुततो. हे पगाऱ्यांना ऐकून माहीत होतं. त्यांनी ते तिला सांगितलं नाही. बहिरूने आकडे टाकले. एक भिंतीला अडकला आणि दोर तुटला. दुसऱ्याला गाळ आला. संध्याकाळपर्यंत एवढंच.

शनिवारी ठरल्याप्रमाणे आवर्तन सुटलं. कालव्याच्या जाळीशी चार दिवस माणसं बसवली. काही लागलं नाही. बरा होऊन परतलेल्या झिपरूने होडी उलटली ती जागा दाखवली. ती शाळेचीच होती. त्यानंतर तो होडीत बसलेला नाही.

सुलाबाईने पौषात पुतळा केला. अग्नी झिपरूने दिला. सुलाबाईने मुलाचं सुतक पाळलं. भागीबाईने पाळलं नाही. घर एकच आहे, चुली दोन झाल्या. द्राक्षांच्या कामाला पाड्यावरून ट्रक गेला तेव्हा ती गेली नाही. ती कुंकू लावून पाण्यावर जाते, आणि बाया समोरून आल्या की वाट बदलतात.

पगारे तो कागदाचा तुकडा घेऊन मुंबईला यंत्राच्या जाणकारांना भेटून आले. एक म्हणाला ठिणगी. दुसरा म्हणाला, ठिणगीचा डाग असा तिरका पडत नाही.

मे महिन्यात पाणी बरंच उतरलं आणि जुन्या शाळेच्या भिंती उघड्या पडल्या. आत खिडकीच्या उंचीपर्यंत गाळ आहे. भागीबाई आणि झिपरू घमेल्यांनी तो उपसत आहेत. तिसऱ्या दिवसापासून कोंडाजीही येतात. पहिली खोली उपसून झाली; तिच्यात बुधा नव्हता. आता दुसरी.