शंभर ग्रॅम सफरचंद

फळांच्या गोदामात तिला सगळे काटाबाई म्हणत. पट्ट्यावरून आलेलं फळ उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा बघून त्या त्या पेटीत टाकायचं. एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. आता फळ तळहातावर आलं की आकडा आपोआप मनात उमटायचा. चुकलाच तर पाच-दहा ग्रॅमने.

घरी आल्यावर पुन्हा तेच. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून गल्लीत मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शाळा सुटली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली होती: केळं-संत्रं बंद, सफरचंद दिवसाला शंभर ग्रॅम, भाज्याही मोजून, चिरून, पाण्यात भिजवूनच. फळं-भाज्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं, हे त्यांनी काटाबाईला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच दिवशी ओट्यावर स्प्रिंगचा काटा आला.

"वजन किती भरलं?" मास्तर खुर्चीतून विचारत.

"शंभर ग्रॅम."

"ग्रॅममध्ये सांगतेस ते वस्तुमान. ते कुठंही गेलं तरी तेवढंच राहतं. वजन बदलतं. चंद्रावर हेच सफरचंद..."

"मग चंद्रावरच नेऊन ठेवते तुम्हाला. तिथं खा पोटभर."

सुरुवातीला ती हे हसून म्हणायची. पुढेपुढे नुसतंच म्हणायची. पायांना गोळे आलेले, खांदा ठणकत असलेला, त्यात कसली थट्टा सुचणार?

गेल्या महिन्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. फोडींची वाटी उचलली की तिचा हात म्हणे एकशे तीस, आणि काटा म्हणे शंभर. ती वाकून बघायची. रिकाम्या काट्याची सुई बरोबर शून्यावर. म्हणजे हातच बिघडला. वय झालं, दुसरं काय? मग गोदामातही तिचा भरवसा उडाला. एकेक आकडा दोन-दोनदा वाचायला लागली, पट्ट्यावर फळं साचायला लागली.

"काटाबाई, उभ्या-उभ्या झोपता का काय?" मुकादम ओरडला. एकोणीस वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला होता.

त्याच आठवड्यात मास्तरांचा रिपोर्ट आला. पोटॅशियम बरंच चढलं होतं.

"घरी मोजतं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"नीट मोजता ना?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परतताना बसमध्ये मास्तर सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी सिग्नल लागला तरी जडत्वावर बोलणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी गोदामात तिने मनाशी खेळ मांडला. फळ उचलायचं, आकडा आधी ठरवायचा, मगच काट्याकडे बघायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकदाही चूक झाली नाही. ती हातातल्या फळाकडे बघतच राहिली. मुकादमाला विचारून तिने बरोबर एकशे ऐंशी ग्रॅमचं एक सफरचंद पिशवीत टाकलं आणि घरी आल्याआल्या, चप्पलही न काढता, ओट्यावरच्या काट्यावर ठेवलं.

सुई एकशे तेहेतीसच्या आसपास थांबली.

"अहो," ती म्हणाली, "वाटेत चंद्र लागला होता का?"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आत एक बारकी स्प्रिंग जास्तीची लावलीय," ते म्हणाले. "शून्य पुन्हा जुळवून घेतलं. तुला कळू नये म्हणून."

"का पण?"

"चार फोडींनी तोंडसुद्धा ओलं होत नाही गं. अख्खं सफरचंद दातांनी तोडून कधी खाल्लं होतं, आठवत नाही. म्हटलं, दोन फोडी जास्त मिळाल्या तर काय बिघडतंय. भाज्याही त्याच काट्यावर जातात, हे ध्यानातच आलं नाही."

ती भांडेल असं त्यांना वाटलं होतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"रोज मोजताना वाटतं, आज आपल्या हातून चुकलं तर हे जातील. या हाताने मला कधी फसवलं नव्हतं. महिनाभर मी त्यालाच खोटं ठरवत होते."

मास्तर उठले. स्क्रू-ड्रायव्हर शोधला, काटा उघडला, ती स्प्रिंग काढून कचऱ्यात टाकली. मग सुई शून्यावर जुळवली आणि काट्याच्या भांड्यात मापाने अर्धा लिटर पाणी ओतून ती बरोबर पाचशेवर येते का ते बघितलं.

"उद्यापासून मी मोजतो," ते म्हणाले. "तू हात लावू नकोस."

"आणि पुन्हा स्प्रिंग लावलीत तर?"

"तू वाटी नुसती उचलून बघ. एवढंच कर."

दोन दिवसांनी तिने मुकादमाकडे बारकी सफरचंदं मागितली. ती पेटीत चालत नाहीत, रसाच्या कारखान्यात जातात.

"चेंडू खेळणार का काय?" तो हसला, पण पिशवी भरून दिली.

त्यातलं एक मास्तरांनी काट्यावर ठेवलं. शहाण्णव. तिने हातात घेऊन बघितलं आणि मान डोलावली. सुरी काढलीच नाही. मास्तर खिडकीशी उभे राहून सालासकट खात होते, रस हनुवटीवरून गळत होता, आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पुढच्या रिपोर्टात आकडा खाली आला. डॉक्टर "छान" एवढंच म्हणाले. काटाबाईला हायसं वाटलं, पण अंगातला शीण त्याने थोडाच जातो! सुट्टीच्या दिवशी ती दुपारी पडली ती चार तासांनी उठली. ओट्यावर भाज्या मोजून, चिरून, पाण्यात भिजत घातलेल्या होत्या. फोडी लहानमोठ्या होत्या, पाणी अंमळ जास्त झालं होतं. सगळं तसंच ठेवून ती मागे फिरली. जाऊन पुन्हा झोपली.