बेबी कोण?

एकोणीसशे त्र्याण्णव साली जालन्याच्या कॉलेजात बीएस्सीला प्रोग्रामिंगचा विषय आला, तेव्हा दोघांत मिळून एक कॉम्प्युटर होता. बदनापूरहून येणाऱ्या बेबीनंदाच्या जोडीला आष्टीचा मच्छिंद्र आला. वर्षभर त्यानं तिला कीबोर्डला बोट लावू दिलं नाही. "बेबीबाई, तुम्ही वहीत लिहा. मशीन मी चालवून राह्यलो ना!" असं म्हणून तिचेच प्रोग्राम तो टाइप करी आणि सरांची शाबासकी घेई.

परीक्षेच्या आठवड्यात त्यानं तिची वही मागितली. तिनं लगेच दिली. पण सरासरी काढायच्या प्रोग्रामखाली तिनं एक जास्तीची ओळ घातली होती. तिच्यात ६६, ६९, ६६, ७३ असे आकडे होते.

"आन् हे काय मधीच?"

"त्याच्याबिगर मशीन थांबत न्हाई. बराबर पाठ कर."

त्यानं कवितेसारखं पाठ केलं. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्यानं ओळखतो, हे शिकवलं त्या दिवशी तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

परीक्षेला बाहेरगावचे सर आले. मच्छिंद्रच्या पडद्यावर सरासरी उमटली आणि तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत 'बेबी'.

"ही बेबी कोण? ही ओळ कशाला?"

"सर, त्याच्याबिगर मशीन थांबत न्हाई."

सगळी लॅब खो खो हसली. घामाघूम मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. तिला तिळभरही दया आली नाही.

"बेबी मी, सर. प्रोग्राम माझा हाय. करून दाखवू?"

सरांनी मान हलवली.

"जल्दी ऊठ," ती मच्छिंद्रला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.