खांडेनवमीचा नारळ

श्रद्धेने केलेल्या कृतीतूनही दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते. हेतू शुद्ध होता एवढ्याने कर्त्याचे उत्तरदायित्व संपत नाही. जे घडले ते वेळेवर सांगणे, हे त्याचे कर्तव्य उरतेच. विद्यार्थ्यांना हे मी अनेक वर्षे शिकवले. स्वतः पाळण्याचा प्रसंग मात्र यंदा, वयाच्या शहात्तराव्या वर्षी आला.

तेलगावात प्रविणचा फोटो स्टुडिओ आहे. खांडेनवमीला त्याच्या अवजारांची पूजा मीच सांगतो. यंदाही कॅमेरे, दिवे, संगणक आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क, सर्वांना हळदकुंकू वाहिले. डिस्क चालू होती. तिचा निळा दिवा लुकलुकत होता. प्रविण म्हणाला, "गुरुजी, नारळ भाईर पायरीवर फोडू." मी म्हणालो, "ज्यांची पूजा केली, त्यांच्यासमोरच फुटला पाहिजे." टेबलावरच दगड ठेवला. नारळ तिसऱ्या घावाला फुटला. निळा दिवा कधी स्थिर झाला, ते कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी डिस्क टकटक वाजू लागली, तशी प्रविणने ती काढून ठेवली. त्याच दिवशी गावातला ऊसतोड मजूर आसाराम आला. वैशाखात त्याच्या मुलीचे, वर्षाराणीचे, लग्न झाले होते. चित्रीकरण प्रविणचे, ते फक्त त्या डिस्कवर होते; "देतो, देतो" करता करता आश्विन उजाडला होता. मधल्या श्रावणात आसारामची पत्नी भिवराबाई वारली. तिचा आवाज हळदीच्या त्या चित्रीकरणाखेरीज कुठेही नव्हता, आणि आसारामची ऊसतोडीची टोळी आठ दिवसांनी निघणार होती.

आम्ही तिघे एसटीने बीडला गेलो. कोर्टाच्या मागे सायली नावाच्या मुलीचे संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. तिने डिस्क कानाशी धरून हलकेच हलवली.

"पडली होती का? काही धक्का?"

"न्हाई," प्रविण म्हणाला. "आपोआपच बंद पडली."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. माझी लाज राखण्यासाठीच तो खोटे बोलला, हे मला उमगले. मीही गप्प राहिलो. सायलीने केबल हातात घेतली.

"मग सरळ जोडून कॉपी करून बघते. धक्का बसला असता, तर उघडल्याशिवाय वीज दिली नसती. माहिती वाचणारा आतला हेड वाकला असेल, तर फिरती चकती खरवडून टाकतो. मग काहीच हाती लागत नाही."

आसाराम त्या केबलकडे पाहत होता. देवळाचे दार उघडण्याची वाट पाहावी, तसा.

"थांब, बाळ," मी म्हणालो. "धक्का बसला आहे. डिस्क चालू असताना मी त्याच टेबलावर नारळ फोडला. तीन घाव घातले. हा मला नको म्हणत होता."

सायलीने केबल खाली ठेवली. 

"तीन घाव?" ती म्हणाली. "आजोबा, नारळ लई कडक होता का?"

प्रविण खाली मान घालून हसला. मी क्षमा मागायला आसारामकडे वळलो.  तोच म्हणाला, "गुरुजी, तुमी देवापुढं फोडलाव. हा गडी तर सहा म्हयने देतो देतोच म्हणत हुता. त्याला कावून कुणी बोलंना?"

"चुकलं, आसारामकाका," प्रविण म्हणाला.

त्याच बनावटीची दुसरी डिस्क मिळायला चार दिवस गेले. तिचा हेड काढून सायलीने काचेच्या बंद पेटीत या डिस्कला बसवला. मग आम्हाला बोलावून म्हणाली, "किती वेळ टिकेल सांगता येत नाही. आधी काय काढू?" डिस्कमध्ये बावीस लग्ने होती, काही मोठ्या घरांतली. प्रविण म्हणाला, "वर्षाराणीची हळद."

सतरा मिनिटे निघाली. त्यानंतर डिस्क पुन्हा टकटकली आणि कायमची थांबली. एकवीस घरी प्रविणला जाऊन सांगावे लागले. मीही बरोबर गेलो.

त्या सतरा मिनिटांत भिवराबाई हळदीचे गाणे म्हणते. मध्येच थांबून कॅमेऱ्याकडे बघते. "आरं, माजं कावून काढतूस? नवरीकडं फिरव की." आणि गाणे पुढे चालू.

आसारामने ते मोबाईलमध्ये घेतले. "कारखान्यावर रेंज नसती. तरी दिसंल न्हवं?" त्याने विचारले.

"दिसेल, काका. आता ते तुमच्याजवळच आहे," सायली म्हणाली.

टोळी निघाली तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेलो. माझ्यासाठी खोटे बोललेल्या प्रविणला खरे बोलण्याचे बळ मिळो. सायलीचे हात असेच स्थिर राहोत. उसाच्या फडातून थकून पाचटाच्या कोपीत परतणाऱ्या आसारामला रोज तो आवाज ऐकू येवो, आणि ऐकता ऐकता त्याला शांत झोप लागो.