पोटदुखी

अल्फियाच्या अम्मीनं शीरखुर्म्याची वाटी पुढं केली, तशी निकितानं दोन्ही हात मागं घेतले.

भुजंगनं आपल्या पोरीकडं पाहिलं नाही. ताडकळसच्या बाजारात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि मुनीरचं पंक्चरचं दुकान एकाच भिंतीला टेकून होतं. दर ईदला मुनीर त्याला घरी न्यायचा. भुजंग जायचा, गळाभेट घ्यायचा आणि ‘आज उपास हाय’ म्हणून नुसता बसून यायचा. पुढं पुढं मुनीरची बायको, रेहानाभाबी, न विचारताच त्याच्यासाठी थंड्याची बंद बाटली आणून ठेवू लागल्या. भुजंगला ते सोयीचं वाटलं होतं. यंदा दुसरीतली निकिता हट्टानं सोबत आली होती. ती आणि मुनीरची अल्फिया शाळेत एकाच बाकावर बसत.

“घे की गं,” अल्फिया म्हणाली.

“न्हाई. पप्पा म्हणले, तुमच्या घरचं खाल्लं की पोट दुखतंय.” मग निकितानं काळजीनं विचारलं, “तुझं रोज दुखतंय का?”

अल्फियानं अम्मीकडं पाहिलं.

मुनीरनं उगाच उठून पंखा वाढवला. “लेकरू हाय, भुजंगराव. मनावर घेऊ नका.”

चूक आपली, आणि समजूतही आपलीच काढायलेत, हे भुजंगला सहन होईना. निघताना त्यानंच पोरीला तसं सांगितलं होतं. ते सुचायला वेळही लागला नव्हता. लहानपणी त्याच्या आईनं त्याला हेच सांगितलं होतं. तो खुर्चीवरून उठला आणि पोरीसमोर फरशीवर बसला.

“निकू, मी खोटं बोललो. यांच्या घरचं खाऊन कुणाचंच पोट दुखत न्हाई.”

“मग तसं कामून सांगितलं?”

त्याला मान वर करवेना. “खोट माझ्यातच हाय, बाई.” मग रेहानाभाबींकडं न पाहताच म्हणाला, “भाबी, मलाबी एक वाटी द्या.”

“आज उपास न्हाई का?” त्यांनी हळूच विचारलं.

“न्हाई. कधीच नव्हता.”

त्यांनी वाटी भरून दिली. दूध गोड होतं. त्यानं वाटी तळापर्यंत संपवली. ते पाहून निकितानंही वाटी घेतली, बोटानं पुसून खाल्ली आणि अजून मागितलं.

अल्फियाची वाटी मात्र तशीच होती.

“खा ना बेटा,” अम्मी म्हणाली.

अल्फियानं नुसती मान हलवली. तिचा एक हात पोटावर होता.