लाल दिवा

सव्वादहा झाले तरी बेबी आली नाही, तेव्हा बाईंनी हजेरीपट मिटला आणि फोन उचलला.

"काका, बेबी निघाली ना?"

"पावणेनऊलाच बसमध्ये बसवली की मी," पलीकडून तिचे वडील म्हणाले. "का? पोचली नाही?"

बसला अर्धा तास लागत असे. धास्ती आवाजात उतरू द्यायची नाही, एवढं एकोणीस वर्षांच्या नोकरीने बाईंना शिकवलं होतं. "तुम्ही घरीच थांबा. मी बघते."

विद्यापीठाचं हे केंद्र ग्रंथालयाच्या मागच्या तीन खोल्यांत होतं. बुद्धीची वाढ मागे राहिलेल्या मोठ्या माणसांना तिथे रोजचं जगणं शिकवत: कपड्यांच्या घड्या, घड्याळ बघणं, रस्ता ओलांडणं. संशोधन करणारे विद्यार्थी दरवर्षी नवे यायचे, या माणसांच्या घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे आणि प्रबंध बांधून निघून जायचे. टिकल्या त्या बाईच, दर अकरा महिन्यांनी नवं नेमणूकपत्र घेत. आता गुडघे बोलायला लागले होते.

बेबी एक्केचाळीस वर्षांची होती. लहानपणी पडलेलं नाव तसंच चिकटून राहिलं होतं. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले वडील सोळा वर्षं तिला रोज घेऊन येत आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहत. यंदा त्यांचा एक डोळा गेला. माझ्यामागे हिचं काय, असं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. एकदा नुसतं म्हणाले, "बाई, हिला एकटीने बसने यायला शिकवा."

बाई चार महिने तिच्या मागे लागल्या. आधी शेजारी बसल्या, मग मागच्या बाकावर, मग पार दुसऱ्या टोकाला. विभागप्रमुख म्हणाले होते, "काही झालं तर परवानगीच्या कागदावर सही तुमची आहे." आज बेबीचा एकटीचा पहिला दिवस. म्हणून बाई थांब्यावर मुद्दामच गेल्या नव्हत्या. उशीर झाला तरी धीर धर, असं स्वतःला बजावत पाऊण तास बसून राहिल्या होत्या.

आता त्या गुडघ्यांचा विचार न करता फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यावर वळल्या आणि थबकल्या. रुंद रस्त्याच्या पलीकडे, पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाशी, बेबी उभी होती. पिशवी छातीशी घट्ट, नजर समोरच्या दिव्यावर. सिग्नल बिघडला होता. पायी जाणाऱ्यांचा दिवा लालच्या लालच होता. लोक गाड्या चुकवत पळत होते. बाईही तशाच पलीकडे गेल्या.

"बाई, हिरवा होत नाही," बेबी म्हणाली.

"कधीपासून उभी आहेस?"

"उतरले तेव्हापासून. एक जण म्हणाला, चल. मी नाही गेले. लाल असला की नाही जायचं."

उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता आणि पाय सुजून चपलांचे पट्टे रुतले होते. तासभर ती शिकवलं तेच करत होती. दिवा बिघडला तर काय करायचं, हे मात्र बाईंनी शिकवलंच नव्हतं. त्या तिथेच पदपथाच्या कडेवर बसल्या. बेबीही बसली.

थोड्या वेळाने एका रिक्षातून काका उतरले. घरी थांबणं त्यांना जमलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "पुरे झालं, बाई. एक डोळा आहे तोवर मीच आणीन तिला."

हो म्हणणं सोपं होतं. विभागप्रमुखांच्याही मनात तेच असणार. आणि बाई इतक्या थकल्या होत्या की हो त्यांच्या ओठांवर आलंही होतं.

"आणि नंतर, काका?"

काकांनी बेबीच्या हातातली पिशवी घेतली.

"उद्या मी एकटी," बेबी म्हणाली.

"उद्या नाही," बाई उठत म्हणाल्या. "आधी नवा धडा. दिवा बिघडला तर माणसाला विचारायचं. त्या भाजीवाल्या मावशींना विचार बरं."

बेबी गेली. दोन वेळा तोंड उघडलं, शब्द आले नाहीत. तिसऱ्यांदा म्हणाली, "मला पलीकडे न्याल का?" मावशींनी पाटी खाली ठेवली आणि तिचा हात धरला.

आठवडाभर रोज वर्ग सुटल्यावर हाच धडा चालला. नंतरच्या सोमवारी बाई सकाळी बेबीच्या घराजवळच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बस आली. काकांनी सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला.

"मी घेते, बाबा. तुम्ही जा घरी."

ती चढली, बसली. मागे वळून तिने पाहिलं नाही. तसं शिकवलंही होतं.

"बाई, सोळा वर्षं ही वेळ मी तुमच्या बाकावर काढली," काका म्हणाले. "आता काय करू दिवसभर?"

बस वळेपर्यंत काका एक डोळा बारीक करून बघत राहिले. मग त्यांनी रिकामा हात खिशात घातला. तो तिथे काही रुळेना, म्हणून पुन्हा बाहेर काढला.