ओठातलं बटण

ताईंचं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्यांची धाकटी भावजय तिथं काजं-बटणं करायची. दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण सूतही जुळलं नव्हतं. बोलणं कामापुरतं.

अग्निशमन दलातल्या एका बाईंनी गल्लीतल्या दुकानदारांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग घेतला, तेव्हा ताई म्हणाल्या, "तूच जा बाई. रबरी बाहुल्याची छाती दाबत बसायला मला कुठला वेळ?" भावजय गेली. तिनं पहिल्याच खेपेला असा जोर लावला, की बाई म्हणाल्या, "अहो, त्याला वाचवायचंय!" सगळे खो-खो हसले.

पुढे एकदा भर दुपारी ताई एका कोटाला बटणं लावत होत्या. एक बटण सवयीनं ओठात धरलेलं. गिऱ्हाइकानं जाता जाता काहीतरी विनोद केला, ताईंना हसू फुटलं आणि बटण आत गेलं.

त्या ताडकन उठल्या. दोन्ही हात गळ्याशी, तोंडातून आवाज नाही.

"ताई, खोकता येतंय का?"

ताईंनी नुसतीच मान हलवली. नाही.

"अहो काका, रुग्णवाहिका बोलवा!" भावजय शेजारच्या चपलावाल्याला ओरडली. ताईंना पुढे वाकवून तिनं पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळव्यानं पाच सणसणीत रट्टे हाणले. बटण हलेना. मग तिनं मागून कमरेला मिठी घातली, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवली, दुसऱ्या हातानं ती धरली आणि आत-वर असे झटके दिले. तिसऱ्या झटक्याला बटण सुटलं ते थेट आरशावर आदळलं.

ताई मटकन बसल्या. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य, "बघ गं कुठं गेलं. त्या रंगाचं दुसरं नाहीये."

भावजय रडता रडता हसू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ताईंचं पोट तपासलं. "असे झटके बसले की दाखवून घ्यावंच. आता सगळं ठीक आहे. कुणी केलं हे?"

"आमच्या भावजयीनं," ताई अशा तोऱ्यात म्हणाल्या, जणू वर्ग त्यांनीच घेतला होता.

घरी चालत येताना त्या पाठ चोळत म्हणाल्या, "रट्टे जरा हळू मारले असतेस तर?"

"चाललं नसतं, ताई."

"खरं सांग. थोडी मजा आली ना?"

"शेवटच्या दोनांना आली."

दोघी इतक्या हसल्या, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.